बारबेल, दोन टोकांची जीभ आणि मराठी ळ: आमच्या प्रोजेक्टच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५

विषय एकदाचा पास झाला. तोंडातल्या बॉडी मॉडिफिकेशनमुळे मराठी उच्चारांवर काय फरक पडतो, असं आम्ही लिहून नेलं होतं, मॅडमनी पेन काढून "आणि जिभेच्या इतर कामांवर" एवढं वर घातलं. म्हणाल्या, अगं जीभ काय फक्त बोलायला असते का. म्हणजे काम डबल. ओंकारचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

काय घ्यायचं ते ठरलं: जिभेतलं पियर्सिंग (आरपार बारबेल, म्हणजे दोन टोकांना मणी असलेला दांडा), आणि मिळालाच तर जीभ दुभंगून घेतलेला एखादा माणूस. ओठात थाळी घालणारे इथिओपियातले मुर्सी लोक, खालचे पुढचे दात काढून टाकणारे दक्षिण सुदानमधले डिंका आणि नुएर लोक, हे सगळं वाचायला भारी आहे पण आपल्या आवाक्यातलं नाही. डिंका भाषेत स हा आवाजच नाहीये आणि पुढचे खालचे दातही नाहीत, हे वाचल्यावर ओंकार लगेच "बघ, कारण सापडलं" म्हणून उड्या मारायला लागला. स नसलेल्या भाषा जगात इतरही आहेत, पूर्ण दात असलेल्या लोकांच्या. तेव्हा शांत बस.

७ ऑगस्ट

शब्दांची यादी. इंग्रजीत जे काही वाचलं त्यात सगळ्यांचा जीव स वर अडकलेला, कारण इंग्रजीत स बिघडला की तो पहिल्यांदा कानाला लागतो. मराठीत जिभेला केवढी कामं आहेत राव. त वेगळा, ट वेगळा, न-ण, ल-ळ, वर दोन प्रकारचे च आणि दोन प्रकारचे ज. इंग्रजी यादी तशीच उचलली तर अर्धी मराठी जीभ तपासायचीच राहील.

त्यामुळे आपली जोडी-यादी: माल-माळ, वात-वाट, मान-माण, बाल-बाळ. मुद्दाम असे शब्द घेतले की ज्यात जिभेचं व्यंजन एकच आहे आणि बाकीची ओठांची, म्हणजे टाळूवर जो डाग उमटेल तो त्याच एका व्यंजनाचा असेल (का ते पुढे लिहिते). च साठी झकास जोडी मिळाली: वाचा म्हणजे वाणी आणि वाचा म्हणजे पुस्तक वाचा. लिहायला सेम, जीभ लागते वेगळ्या जागी. यादी देताना मात्र वाक्यातच द्यायला लागेल, नाहीतर लोक दोन्ही एकसारखेच म्हणतात.

वेगासाठी नेहमीचं पटकपटकपटक. मोठ्या निरोगी माणसाला प किंवा त एकटा सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा म्हणता येतो, क थोडा हळू. इंग्रजीवाल्यांचा मधला आवाज हिरडीवरचा असतो, आपण पटक म्हणालो की जीभ मागे वळते. म्हणून पटक आणि पतक दोन्ही घेणार आणि त्यांचे आकडे एकमेकांत मिसळणार नाही.

१२ ऑगस्ट

आज फक्त वाचन. रिपोर्टमध्ये शेवटी लागेल म्हणून इथे टाकून ठेवते.

जिभेत आठ जोड स्नायू. चार बाहेरून येतात (हनुवटीच्या आतल्या बाजूने, घशातल्या हायॉइड हाडापासून, कानाखालच्या टोकदार हाडापासून आणि मऊ टाळूपासून) आणि जिभेला इकडून तिकडे नेतात, चार पूर्णपणे जिभेच्या आतच सुरू होऊन आतच संपतात आणि तिचा आकार बदलतात. आत हाड नाही. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं, एका बाजूने दाबलं की दुसरीकडे फुगतं, कारण आतला ऐवज कमी-जास्त होत नाही. हत्तीची सोंड, ऑक्टोपसचे हात याच जातीचे, कीर आणि स्मिथ या दोघांनी १९८५ मध्ये हे नीट मांडलं. आडवे स्नायू आवळले की जीभ लांब होते, उभे आवळले की चपटी होते.

बरोबर मध्ये एक तंतुमय पडदा असतो, उभा, आणि आडवे स्नायू त्या पडद्यापासून दोन्ही कडांकडे जातात. मोठ्या रक्तवाहिन्या या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, मधे फारसं काही नाही. जिभेचं पियर्सिंग मध्यावर करतात ते यासाठी. हलवणारी नस, म्हणजे मेंदूची बारावी, तीही डावी वेगळी उजवी वेगळी (मऊ टाळूकडून येणारा एक स्नायू सोडून बाकी सगळे हिच्याकडे). म्हणूनच दुभंगलेल्या जिभेची दोन टोकं सवयीने वेगवेगळी हलवता येतात, त्यात चमत्कार काही नाही, वायरिंग आधीपासूनच डबल आहे.

१९ ऑगस्ट

पॅलॅटोग्राफीची (जीभ टाळूला कुठे लागते त्याचा ठसा घ्यायची) ट्रायल, स्वतःवरच. मशीनवाली इलेक्ट्रॉनिक पद्धत आपल्याला परवडणार नाही, त्यात प्रत्येकाच्या टाळूच्या मापाची प्लेट बनवायला लागते. म्हणून जुनी कोळशाची पद्धत. मेडिकलमधून अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलच्या कॅप्सूल आणल्या, फोडून पावडर ऑलिव्ह ऑइलमध्ये कालवली, काजळासारखं घट्ट होतं. ब्रशने जिभेवर सगळीकडे लावायचं, पार्टिसिपंटने तोंड उघडं ठेवून एकच शब्द एकदाच म्हणायचा, तोंड मिटायचं नाही, गिळायचं नाही, लगेच दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा लांबट आरसा आत घालून टाळूचा फोटो. जिथे जीभ लागली तिथे काळं. मग धुवायचं आणि उलट: टाळूला काळं लावायचं, तोच शब्द, आणि आता जिभेचा फोटो, म्हणजे जिभेचा कुठला भाग लागला ते कळतं.

ऐकायला सोपं आहे. ओंकारला आरसा आत गेला की उमासे येतात. माझी लाळच एवढी सुटते की वात म्हणेपर्यंत सगळं पातळ होऊन ओघळतं. शेवटी टिश्यूने जीभ कोरडी करून मग लावलं तर मस्त आलं. वात ला दातांच्या मागे पूर्ण रुंद काळा पट्टा, वाट ला दातांपाशी स्वच्छ आणि हिरडीच्या उंचवट्यामागे बारीक कमान. जिभेच्या फोटोत वाट ला फक्त टोकाची कड रंगलेली, खालचा भाग नाही. म्हणजे आमचा ट टोकाचा आहे, तमिळ किंवा तेलुगूत जीभ जशी पार उलटी वळून खालच्या बाजूने लागते तेवढा नाही. ही गोष्ट पुढे पियर्सिंगला महत्त्वाची ठरणार असं वाटतंय, कारण खालचा मणी कुठे आपटतो ते यावरच आहे.

दोघांचेही दात काळे. तसेच बसने घरी गेलो.

नियम: पियर्सिंग ताजं असेल तर कोळसा नाही. जखम भरायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, त्याआधी तोंडात ब्रश-बिश काही घालायचं नाही, फक्त आवाज रेकॉर्ड. ब्रश प्रत्येकाला नवा.

२५ ऑगस्ट

रेकॉर्डिंग बंद. संध्याकाळी नदीकाठी ढोल पथकांची प्रॅक्टिस, आणि खिडक्या बंद करून गाद्या लावल्या तरी ताशा येतोच, तोही नेमका स च्या पट्ट्यात. विसर्जनानंतर बघू.

एका पार्टिसिपंटने व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट पाठवते म्हणून विचारलं. नको म्हटलं. तिथे आवाज दाबला जातो आणि वरच्या फ्रिक्वेन्सी जातात, आणि स ची सगळी करामत वरच असते. चांगला स आणि बिघडलेला स दोन्ही सारखेच येतील.

१० सप्टेंबर

प१, म्हणजे पहिला पार्टिसिपंट. कॉल सेंटरमध्ये काम, मराठी प्रोसेस, जिभेत मध्यावर सरळ बारबेल, बरीच वर्षं जुनी. नाव अर्थात लिहायचं नाही, संमतीपत्रात तसं कबूल केलंय.

बोलताना मला काहीच वेगळं वाटलं नाही, खरंच नाही. कामाच्या आधी तो स्टीलचे मणी काढून आत पारदर्शक प्लॅस्टिकचा दांडा घालतो, कारण टीम लीडरला दिसलं तर कटकट. पूर्ण काढून ठेवत नाही कारण जिभेचं भोक लवकर आकसतं, जुनं असलं तरी काही दिवसांत त्रास देतं, ताजं तर काही तासांतच मिटायला लागतं. आमच्यासाठी सोयीचं, दोन्ही घालून रेकॉर्ड केलं आणि शेवटी थोडा वेळ काहीही न घालता.

टाळूचे फोटो मात्र बघण्यासारखे. माल, माळ, वाट यात घातलेलं आणि काढलेलं यात काही फरक नाही. जीभ टोकाने काम करते, मणी मागे दीडएक सेंटीमीटरवर निवांत. पण वाचा (वाणी) म्हणताना जिभेचा पुढचा सपाट भाग टाळूला जाऊन चिकटतो आणि मणी बरोबर तिथेच आहे, तर फोटोत काळ्या पट्ट्याच्या मधोमध एक स्वच्छ गोल चंद्र आणि त्याच्या भोवती जीभ उचलली गेल्यामुळे न रंगलेली जागा. मी स्क्रीनवर मोठा करून बराच वेळ बघत बसले होते. मण्यामुळे जीभ तिथे बसतच नाही, दोन्ही कडांनी दाबून तो च काढतो. आणि ऐकायला च च येतो!

स ला काळं फारसं कळत नाही कारण स मध्ये जीभ मध्यावर टाळूला लागतच नाही, मध्ये खोबण करून हवा त्यातून दातांवर सोडते. मणी बरोबर त्या खोबणीत. मणी घातल्यावर त्याचा स किंचित शिट्टीसारखा, काढल्यावर साफ. त्याला स्वतःला माहीत होतं. म्हणाला "'सर' म्हणताना मी जीभ जरा पुढं घेतो". म्हणजे जुळवून घेतलंय, आणि जाणूनबुजून घेतलंय.

१८ सप्टेंबर

प२. कॉलेजातली मुलगी, पियर्सिंग जुनं पण दांडा अजून पहिलाच, लांब. पहिल्यांदा टोचताना मुद्दाम लांब दांडा घालतात कारण जीभ पहिले तीन ते पाच दिवस भयंकर सुजते, आखूड असेल तर मणी मांसात रुततो. सूज गेली की काही आठवड्यांत परत जाऊन आखूड घालून घ्यायचा असतो. ही गेलीच नाही. तिला स्टुडिओत कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यामुळे तोंडात सतत टकटक. रेकॉर्डिंगमध्ये ट आणि ड च्या आधी एक बारीक धातूचा टिक येतो, स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजाच्या चित्रात) उभी रेघ दिसते, ओंकारला आधी माइकचा प्रॉब्लेम वाटला. खालचा मणी खालच्या दातांच्या मागे लागतो. बोलणं थांबलं की ती दांडा दातांमध्ये धरून खेळत बसते, तिच्या नकळत. एका दाढेचा कोपरा उडालाय आणि खालच्या समोरच्या दातांची आतली हिरडी खाली सरकलेली दिसते.

हे नवीन नाही. २००२ मध्ये कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी ५२ जणांचं बघितलं होतं: लांब दांडा दोन वर्षं किंवा जास्त घातलेल्यांपैकी निम्म्या लोकांची आतली हिरडी सरकलेली, आणि चार वर्षांच्या पुढे गेलेल्यांत ४७ टक्क्यांच्या मागच्या दातांना टवके. बफेलो विद्यापीठातल्या सौसन तब्बांनी २०१० मध्ये एक केस छापली, त्यात दांडा वरच्या पुढच्या दातांत ढकलून ढकलून मधे फट पडली होती आणि शेवटी तारा लावायला लागल्या. आणि दुसऱ्या टोकाला जंतुसंसर्ग: १९९७ मध्ये ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये जीभ टोचल्यावर जबड्याखाली पसरून श्वास कोंडणाऱ्या सुजेची केस आली होती, लुडविग्ज अँजायना म्हणतात ते. प२ ला एवढं सगळं नाही सांगितलं, दातांच्या ओपीडीत जा आणि दांडा आखूड कर एवढंच सांगितलं. प्लीज जा म्हटलं. जाते म्हणाली.

उच्चार? चांगले. पटकपटक माझ्यापेक्षा जोरात म्हणते.

मॅडमचं वाक्य आठवतंय, जीभ काय फक्त बोलायला असते का.

२२ सप्टेंबर

म्हणून चघळण्याची टेस्ट घातली. सोपी: एक मारी बिस्किट, पाणी नाही, नेहमीसारखं खायचं, संपलं की स्वतःचं नाव सांगायचं. वेळ, किती वेळा चावलं, किती वेळा गिळलं हे व्हिडिओवरून मोजायचं आणि नंतर तोंडात कुठे काय उरलंय त्याचा फोटो. गालाच्या खाचेत भुगा उरला म्हणजे जीभ तिथपर्यंत झाडू मारायला गेली नाही. जिभेची ताकद मोजायचं आयोवावाल्यांचं फुग्याचं यंत्र असतं, त्याची किंमत बघून टॅब बंद केला.

२७ सप्टेंबर

ओंकारच्या काकांनी (योगाचे क्लास घेतात) आमचा विषय ऐकून सांगितलं की हे सगळं आपल्याकडे आधीच आहे. वैतागच येतो या वाक्याचा, पण यावेळी मुद्दा होता. हठयोगप्रदीपिका, पंधरावं शतक, तिसरा भाग, खेचरी मुद्रा: निवडुंगाच्या जातीतल्या स्नुहीच्या पानासारखं धारदार स्वच्छ शस्त्र घ्यायचं, जिभेखालचा बंध केसाएवढा कापायचा, सैंधव आणि हिरड्याचं चूर्ण चोळायचं, सात दिवसांनी परत केसभर, असं सहा महिने. मग जीभ ओढून ओढून लांब करायची आणि मागे वळवून टाळूच्या वरच्या पोकळीत घालायची. म्हणजे जिभेचं काम बदलण्यासाठी केलेलं मॉडिफिकेशन, सजावट म्हणून नव्हे. त्यात बोलायचं काही देणंघेणंच नाही. घरी कोणी करून बघू नये हे वेगळं सांगायला नको, त्या बंधाच्या दोन्ही बाजूंना शिरा आहेत आणि लाळेच्या नळ्यांची तोंडं तिथेच उघडतात.

नेमका हाच बंध बोलण्यासाठीही कापतात. जन्मतः तो आखूड असेल तर, टंग टाय. कोटलो नावाच्या डेंटिस्टच्या मापाने बंधापासून टोकापर्यंत मोकळी जीभ १६ मिलिमीटरच्या वर असेल तर नॉर्मल, ३ च्या खाली म्हणजे पूर्ण चिकटलेली. दक्षिण कोरियात २००० च्या आसपास तर चांगल्या धडधाकट पोरांचा बंध कापायचं फॅड आलं होतं, इंग्रजीचा र नीट यावा म्हणून, जणू अमेरिकेतल्या कोरियन मुलांच्या जिभा वेगळ्या असतात. आपल्याकडे वेखंड उगाळून जिभेला लावायची पद्धत आहे, उच्चार सुधारो न सुधारो कापाकापी तरी नाही.

हे रिपोर्टमध्ये अर्ध्या पानात बसवायचं. मॅडम इतिहासाला चिडतात.

३० सप्टेंबर

प३, आणि हिने आमची सगळी गृहीतकं हलवली. स्नेक आइज. म्हणजे दांडा उभा नाही, जिभेच्या टोकातून आडवा, दोन्ही बाजूंना एकेक मणी, जीभ बाहेर काढली की सापाचे डोळे. बरेच चांगले पियर्सर हे करायला सरळ नाही म्हणतात, कारण मधला पडदा सोडून तो दोन्ही बाजूंच्या स्नायूंमधून जातो आणि डावं-उजवं एकत्र शिवून टाकतो.

आणि मराठीला नेमकं टोकच लागतं की. हिचा र, जो एरवी टोकाच्या एका फटक्याने होतो, तो जड. ळ जवळजवळ ल. माळ म्हणाली की कानाला माल आणि माळ यांच्या मधलं काहीतरी येतं. "केळं सोललं" तिला आम्ही परत परत म्हणायला लावलं, शेवटी हसायलाच लागली. फोटोत माळ ला जो बारीक कमानीचा डाग यायला हवा तो येतच नाही, त्याऐवजी रुंद डाग, पुढे, म्हणजे टोक वळत नाही म्हणून जिभेचं पातं (टोकामागचा सपाट भाग) वापरतेय. स मात्र छान! खोबण मागे आहे ना, मोकळी.

म्हणजे प१ ची टेस्ट इंग्रजी यादीने केली असती तर स बिघडलाय म्हणून नोंद झाली असती आणि प३ ची केली असती तर "नॉर्मल". मराठीत बरोबर उलटं. मणी कुठे आहे आणि भाषेला तिथे काय काम आहे, एवढाच प्रश्न आहे. इतके दिवस यादी जपली त्याचं चीज झालं.

प३ ला विचारलं लोक काही बोलतात का. म्हणाली, आज्जी म्हणते तुझं मराठी इंग्लिश मीडियमचं झालंय.

८ ऑक्टोबर

प४ आला. सावंतवाडीकडचा, काम गोव्यात, टॅटू आर्टिस्ट. जीभ दुभंगलेली, टोकापासून बऱ्यापैकी मागेपर्यंत. कुठे केली विचारलं तर "बाहेर" एवढंच, आणि आम्ही खोदलं नाही.

खोदण्यासारखं नाहीच, कारण प्रकार कायद्याच्या दृष्टीने नाजूक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिरुचिरापल्लीत एका टॅटू स्टुडिओवाल्याला आणि त्याच्या साथीदाराला याच कामासाठी अटक झाली, व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकले होते त्यांनी. इंग्लंडमध्ये २०१८ ला अपील कोर्टाने सांगितलं की गिऱ्हाइकाने संमती दिली तरी हा गुन्हाच, वुल्व्हरहॅम्प्टनच्या त्या माणसाला २०१९ मध्ये ४० महिने झाले. अमेरिकेत इलिनॉयने २००३ मध्येच डॉक्टर किंवा डेंटिस्ट सोडून कोणी करायचं नाही असा कायदा केला. हे कान टोचण्यातलं नाही, ही शस्त्रक्रिया आहे, भूल आणि टाके लागतात, रक्त थांबवता यायला लागतं.

तर बोलणं. आधी नुसत्या गप्पा मारल्या, मालवणी ठसका, फर्स्ट क्लास. "काय ता विचारा, जीभ आसा माझी, दोन आसत." माळ-माल स्वच्छ. वाट-वात स्वच्छ. र कडक. डोळे मिटून ऐकलं तर शंका येणार नाही, फक्त स मध्ये मधूनच हवा फुटल्यासारखी वाटते, तीही लक्ष देऊन ऐकलं तर. टोरांटोच्या टिम ब्रेसमन यांनी २००४ मध्ये स्वतःच स्वतःची जीभ दुभंगलेल्या एका माणसाचा केस रिपोर्ट लिहिला आहे, पुढे त्याच जातीच्या केसवर अल्ट्रासाउंड लावून अभ्यासही केला, तिथेही बोलण्याचं फार बिघडलेलं नव्हतं. आम्हाला पटायला जड गेलं होतं, आता समोर बसून ऐकलं.

लिंग्वोग्राम (रंगलेल्या जिभेचा फोटो) मजेशीर. टाळूला काळं लावून वाट म्हणायला लावलं आणि जीभ बाहेर काढायला सांगितली, तर दोन्ही टोकांच्या कडा सारख्याच रंगलेल्या. म्हणजे बोलताना तो दोन्ही अर्धी घट्ट एकत्र धरून वापरतो. मग सांगितलं एकच टोक वापर, तर डाव्या टोकाने ट म्हणून दाखवला! उजवं खाली पडलेलं. ओंकारने टाळ्याच वाजवल्या, रेकॉर्डिंगमध्ये आल्यात.

मग बिस्किट. आणि इथे कळलं. सुरुवात नेहमीसारखी, पण भुगा झाला की तो जिभेच्या फटीत जातो. नेहमीची जीभ मध्ये खोलगट वाटी करून घास गोळा करते आणि मागे ढकलते, याच्या वाटीला पुढे तळच नाही. तो मान किंचित मागे टाकून गिळतो, त्याला स्वतःला माहीत नव्हतं, व्हिडिओ दाखवल्यावर "खरंच की" म्हणाला. बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा गिळावं लागलं. पुढच्या दातांवर भुगा तसाच, मग दोन टोकांनी दोन बाजू एकदम साफ केल्या, हे मात्र आपल्याला जमणार नाही.

पेज, सोलकढी पिताना सुरुवातीला सांडायचं म्हणाला. आईस्क्रीमचा कोन अजून खात नाही, कप घेतो. चव? तीच आहे, चवीच्या नसा दोन्ही कडांनी येतात, मध्ये कापल्याने जात नाहीत. परत जोडून घेता येते का असं ओंकारने विचारलं. येते, पण आतल्या कडांवर आता कातडी भरून आलीये, ती सोलून परत टाके, म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया. "कित्याक?" एवढंच उत्तर.

१५ ऑक्टोबर

प्राट. (अ‍ॅमस्टरडॅमच्या बोअर्स्मा आणि वेनिंक यांनी हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट दिलंय, देव त्यांचं भलं करो.) ळ आणि ट च्या आधीच्या स्वरात तिसरा फॉर्मंट (स्वरातला जास्त घुमणारा पट्टा) खाली उतरतो आणि दुसऱ्याच्या जवळ येतो, जीभ मागे वळल्याची ती खूण. प१, प२, प४: तिघांचाही मस्त उतरतो. प३ चा जवळजवळ सरळ रेषेत जातो. कानाने जे ऐकलं तेच चित्रात.

स मध्ये प१ ची ऊर्जा दांडा घातल्यावर खाली पसरते, काढल्यावर वर गोळा होते. प४ ची पसरलेलीच आहे, पण कमी.

चार जणांवरून सरासरी काढायची नाही, मॅडमनी आधीच बजावलंय. चार स्वतंत्र केस म्हणून लिहायचं.

२८ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीत काही नाही केलं. प३ चा मेसेज: टोकाचा दांडा काढला, समोरच्या दातांच्या मागे दुखत होतं म्हणून. परत रेकॉर्ड करणार का विचारतेय. करणार म्हणजे काय, धावत जाणार.

४ नोव्हेंबर

प३ दांड्याशिवाय. र परत आलाय, फटका नीट बसतो. ळ पूर्ण नाही. टोक आता मोकळं आहे पण सवय पात्याची लागलीये. पहिले काही माळ गडबडीत गेले, मग मी फक्त "आज्जीला सांगतेस तसं म्हण" म्हटलं तर पुढचे बरे आले. म्हणजे काही भाग धातूचा होता आणि काही तिने धातूभोवती बसवलेल्या सवयीचा. टोकात दोन बारीक वण आहेत आणि हात लावला की तिथे जरा घट्ट लागतं, त्याचा किती वाटा ते सांगता येणार नाही, आपल्याकडे तेवढं साधन नाही. सोपा सराव दिला: आरशात बघत टोक हिरडीच्या मागे लावून ळळळ, मग काळा, फळा, गोळा. एक महिन्याने परत यायचं.

११ नोव्हेंबर

लिहायला बसलो. मॅडमना पहिला ड्राफ्ट दाखवला, "उच्चार" नऊ पानं आणि "इतर काम" दीड पान. लाल पेन. त्यांचं म्हणणं, तुमच्याकडे असलेलं नवीन काही ते त्या दीड पानातच आहे. प२ चे दात, प४ चं गिळणं, हे दोघंही उच्चाराच्या टेस्टमध्ये शंभर टक्के पास झाले असते आणि आपण "काही परिणाम नाही" लिहून मोकळे झालो असतो. बोलताना माणूस आपलं ऐकत असतो म्हणून पटकन दुरुस्त करतो. दांडा दाताला लागतोय किंवा मान मागे जातेय हे कोणी ऐकत नाही, मग दुरुस्त कशाला होईल.

पटलं. क्रम उलटा करतोय: आधी बिस्किट आणि दात, मग टाळूचे फोटो, मग फॉर्मंट. प१ चा तो चंद्रवाला फोटो मात्र मी पहिल्या पानावर लावणारच आहे, ओंकार नको म्हणतोय, त्याला अजून आरसा आठवला की उमासे येतात.

१४ नोव्हेंबर

प२ दातांच्या ओपीडीत जाऊन आली. दांडा आखूड केला, दाढेला फिलिंग. टिक गेला का बघायला परत रेकॉर्ड: ट च्या आधीची रेघ गेलीये. दातात धरायची सवय गेली नाही, आता आखूड पुरत नाही तर जीभ जास्त ताणते. डॉक्टरांना हे सांगायला सांगितलं.

प३ ची महिन्यानंतरची भेट रिपोर्ट जमा केल्यावर येतेय, त्यामुळे ती पुरवणीत. व्हायव्हाला विचारणारच की एकाच दुभंगलेल्या जिभेवरून एवढं कसं बोलता, तर उत्तर तयार ठेवायचं: बोलत नाही, एका माणसाचं लिहितोय. प्रिंट शनिवारी, फोटोंची पानं कलरमध्ये, बाकी ब्लॅक अँड व्हाइट. मूळ व्हिडिओ संमतीपत्राप्रमाणे निकालानंतर डिलीट, ओंकारच्या लॅपटॉपवरचेसुद्धा.